नांवाचा दगड

गेल्या पौषांत आमच्या मातोश्रींचें वर्षश्राद्ध कारंज्यास झालें. पानें उचलतां उचलतां दादांनीं विषय काढला, कीं शेतांत विहिरीजवळ आईच्या नांवाचा संगमरवरी चौथरा बांधावा. दगड मकराण्याचा मागवावा. घरांत दोन तट पडले, ते अद्याप मिटलेले नाहींत.

आपल्याकडे अस्थि तीर्थांत जातात, मागें कांहीं उरत नाहीं. समाधि संन्याशाची, आणि ह्याच कारंज्याचे नृसिंहसरस्वती तर समाधीहि न ठेवतां कर्दळीवनांत गेले, गाणगापुरास पादुका तेवढ्या राहिल्या. आमच्या वाशिम जिल्ह्यांतच पोहरादेवीस मात्र सेवालाल महाराजांची समाधि आहे. ज्या बंजारा समाजाचा संसार पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर चालला, त्यास रामनवमीला एकत्र येण्यास एक न हलणारी जागा हवीच होती.

राजघराण्यांची गोष्ट निराळी. औरंगाबादेस (आतांचें छत्रपती संभाजीनगर) बीबीच्या मकबऱ्याचें काम चालू असतां फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए यानें संगमरवराच्या सुमारें ३०० गाड्या वाटेंत पाहिल्या; लहानांत लहान गाडीस १२ बैल! तरी संगमरवर पुरविला तो खालच्या भागास आणि घुमटास; मधला काळा पाषाण चुन्याच्या गिलाव्यानें झांकला. आणि बीबीचा पति औरंगजेब १७०७ सालीं वारला, तो खुलदाबादेस उघड्या मातीखालीं निजला आहे. भोवतालची संगमरवरी जाळी मागाहूनची.

आम्हीं एका वृद्ध पाथरवटास विचारलें. तो म्हणाला, संगमरवर मऊ. काळ्या दगडावर टाकी उडते, येथें अक्षर चटकन उमटतें, खांचेंत शिसें भरलें कीं झालें. पण जें चटकन उमटतें तें झिजतेंहि. लिंबू, दहीं, चिंच ह्यांच्या आंबटानें हा दगड खरोखरच विरघळतो. आणि त्यावर दर वर्षीं पंचामृत ओतणारीं आमचींच मंडळी!

आम्ही काळ्या दगडाच्या पक्षाचे. आत्याबाईंना कोणताच दगड नको. त्या म्हणाल्या, "अरे, वहिनीनें जन्मांत आपलें नांव कोठें लिहूं दिलें नाहीं."

दादा म्हणाले, "लिहूं दिलें नाहीं, कीं कोणीं लिहिलेंच नाहीं? सात-बाऱ्यावर नाहीं, घराच्या पाटीवर नाहीं. म्हणूनच लिहावयाचें."

ह्यावर आम्हांस बोलतां आलें नाहीं. इतक्यांत पाथरवटानें कागद मागितला आणि विचारलें, "नांव कोणतें घालूं? माहेरचें कीं सासरचें?"

दादांनीं आत्याबाईंकडे पाहिलें. माहेरचें नांव आम्हां भावंडांपैकीं एकासहि ठाऊक नव्हतें.