सेनासाहेब सुभा आणि देवगडची राणी



यंदाच्या स्नेहसंमेलनात नागपूरकर रघुजीराजे भोसले यांच्यावर नाटिका बसवावी, अशी काही पालकांची सूचना आहे. सूचना आम्हांला आवडली. आपल्यापैकी पुष्कळ घराणी भोसल्यांच्या अमदानीतच वैनगंगेच्या या खोऱ्यात आली. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. रघुजींचे नाव आम्हांला पुस्तकातून नव्हे, घरच्या वडीलधाऱ्यांकडून कळले. पण नाटिका बसवायची तर पूर्ण बसवावी, असे आमचे मत आहे.

पराक्रमाबद्दल वाद नाही. शाहू महाराजांनी त्यांना सेनासाहेब सुभा केले. 1740 मध्ये कर्नाटकच्या स्वारीत दमलचेरीच्या घाटात नवाब दोस्त अली मारला गेला. पुढच्याच वर्षी त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबास कैद केले. बंगालच्या स्वाऱ्यांनंतर 1751 च्या तहात ओडिशा आणि वर्षाला 12 लाखांची चौथाई मिळाली. (त्या स्वाऱ्यांत तिकडच्या रयतेचे जे हाल झाले, त्यामुळे बंगालमध्ये 'बर्गी' हा शब्द आजही भीतीचाच आहे.)

आपल्या भागाचा प्रश्न मात्र निराळा आहे. इथे रघुजी शत्रू म्हणून आलेच नाहीत. त्यांना बोलावले होते. नागपूर वसवणाऱ्या बख्त बुलंद यांच्या देवगडच्या गोंड घराण्यात 1739 च्या सुमारास राजे चांद सुलतान वारले आणि वली शाहने गादी बळकावली. तेव्हा राणी रतनकुंवर यांनी मुलांच्या हक्कासाठी वऱ्हाडातून रघुजींची मदत मागितली. रघुजींनी वली शाहचा पाडाव केला, मुलांना गादी दिली, मोबदला घेतला आणि ते वऱ्हाडात परतले. इथपर्यंत ते सेनापती होते.

पुढे भावाभावांत भांडण लागले. 1743 मध्ये बुऱ्हाण शाहने त्यांना पुन्हा बोलावले. या खेपेस ते परत गेले नाहीत. बुऱ्हाण शाह नावाचा राजा राहिला, त्याला नेमणूक मिळाली आणि कारभार भोसल्यांचा झाला. वसुलाच्या काही कागदांवर मात्र गोंड राजाचाच शिक्का लागत असे. तलवार हातात असूनही रघुजींना तो शिक्का लागला, हे आम्हांला त्यांच्या सगळ्या लढायांपेक्षा अधिक विचार करण्याजोगे वाटते. नुसत्या फौजेवर रयत आपली होत नाही, हे त्यांना कळले होते. पण म्हणून शिक्क्याच्या धन्याला त्याचे राज्य परत मिळाले नाही.

जनरल करिअप्पा 1953 मध्ये निवृत्त झाले आणि 1971 मध्ये मुंबईतून लोकसभेला उभे राहिले. मतदारांनी त्यांना पाडले. एवढ्या मोठ्या सेनापतीला लोक 'नको' म्हणाले आणि ते मुकाट्याने बाजूला झाले. रतनकुंवर राणीला अशी सोय नव्हती.

काही पालक म्हणतील, मुलांच्या नाटिकेत हे कशाला? कारण आपल्या वर्गांत मराठी मुलांच्या शेजारी गोंड मुले बसतात. एकाच गोष्टीवर अर्ध्या वर्गाने टाळ्या वाजवाव्यात आणि उरलेल्यांनी खाली मान घालावी, हे आम्हांला मंजूर नाही.

म्हणून पहिला प्रवेश राणीच्या दरबारात असावा आणि शेवटचा बुऱ्हाण शाह कागदावर शिक्का उमटवतो तिथे. रघुजी कोण होणार आणि राणी कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरेल. आडनाव पाहून नव्हे.