एजन्सीच्या बिलात कारागिराचे नाव कुठे?

चिखलदऱ्यात पावसाळ्याचा मोसम तोंडावर आला की हॉटेलवाल्यांना पडदे, चादरी आणि उशांचे गिलाफ एकदम आठवतात. कापड आमच्यासारख्या दुकानदारांकडून जाते आणि शिलाई घाटाखाली परतवाडा-अचलपूरचे कारागीर करतात. पूर्वी हॉटेलचा मालक, कापडवाला आणि शिंपी समोरासमोर बसून भाव ठरवीत. आता मधे एजन्सी आली आहे. हॉटेल एजन्सीला ऑर्डर देते, एजन्सी कारागिराला काम वाटते आणि कारागिराला सांगते की तू आमचा नोकर नाहीस, स्वतंत्र कंत्राटदार आहेस. शब्द मोठा मानाचा आहे. पण त्या मानाबरोबर कागद कोणता मिळतो, हे आमचे कारागीर बांधव विचारत नाहीत.

गेल्या मोसमातली गोष्ट. माझ्या ओळखीच्या एका कारागिराने घरच्या मशीनवर एका एजन्सीसाठी 64,000 रुपयांची शिलाई केली. बिले दोन झाली, एक 36,000 चे आणि दुसरे 28,000 चे. पैसे पाच महिन्यांनी आले आणि तेही 6,400 रुपये कापून. पावती नाही, चिठ्ठी नाही. तो माझ्या दुकानावर आला आणि म्हणाला, "चाचा, हे दहा टक्के सरकारनं कायले कापले?"

सरकारने कापलेच नव्हते. शिलाईचे काम कंत्राटात मोडते. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 194सी प्रमाणे एकट्या माणसाला अशा कामाचे पैसे देताना 1 टक्का कर कापावा लागतो, तोही एक बिल 30,000 रुपयांच्या वर असेल किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर जाईल तेव्हाच. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, हा हिशोब तोच राहिला आहे. म्हणजे पहिल्या बिलावर 360 रुपये, दुसऱ्यावर काही नाही. पॅन दिलेला नसेल तर मात्र 20 टक्के कापतात. याचा पॅन एजन्सीकडे होता. कापलेला खरा कर ज्याच्या पॅनवर जमा होतो त्याला तो आयकर खात्याच्या नोंदीत दिसतो. आम्ही पाहिले तर याच्या नावावर एक पैसा जमा नव्हता. 6,400 हे एजन्सीचे कमिशन होते, त्याला नाव तेवढे टॅक्सचे दिले होते.

जीएसटीचीही अशीच भीती घालतात. "तुझ्याकडे नंबर नाही म्हणून 18 टक्के कापतो" असे सांगणारे मला ठाऊक आहेत. वर्षाची शिलाई 20 लाखांच्या आत असेल तर आपल्या राज्यात कारागिराला नंबर घेण्याची सक्ती नाही, आणि नंबर नाही म्हणून त्याच्या मजुरीतून जीएसटी कापण्याचा हक्क कोणालाही नाही. आयकराचे म्हणाल तर 2025-26 पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. तेव्हा ते 360 रुपयेसुद्धा परत मिळतात. त्यासाठी रिटर्न मात्र भरावे लागते, आणि तिथे आमचे लोक कंटाळा करतात.

आता एजन्सीवाल्यांचा दुसरा दावा पाहू, की कारागीर स्वतंत्र आहे. असेलही. घरची मशीन, चार गिऱ्हाइके, स्वतःचा वेळ, अशा माणसाला स्वतंत्र म्हणणे बरोबर आहे. पण दुकानात बसवून, दुकानाच्या मशीनवर, नगावर शिवून घ्यायचे आणि वर त्याला कंत्राटदार म्हणायचे, हे कोर्टात टिकत नाही. आंध्रातल्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात 1973 साली सर्वोच्च न्यायालयाने नगावर शिवणाऱ्या शिंप्यांना दुकानाचे नोकर ठरवले. मशीन मालकाची, आणि काम पसंत न पडल्यास परत शिवायला लावण्याचा अधिकारही मालकाचा, या गोष्टी तिथे वजनात घेतल्या. 1978 साली हुसेनभाई यांच्या कालिकतच्या दोरखंडाच्या कारखान्याचा निकाल तर मधल्या ठेकेदाराबद्दलच आहे. मजूर ठेकेदाराने आणले होते, तरी कारखान्याचा मालकच त्यांचा मालक ठरला. आपल्यातले जे व्यापारी एजन्सी मधे घालून मोकळे झालो असे समजतात, त्यांनी हे दोन्ही निकाल आपल्या वकिलाकडून समजून घ्यावेत.

पैशाच्या मुदतीबद्दल मला माझ्यावरही बोलावे लागेल. मीसुद्धा वर्षानुवर्षे कारागिरांना "मोसम संपू दे" म्हणत आलो. 2006 च्या लघुउद्योग कायद्याने लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असेल तर ठरल्याप्रमाणे, पण 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे आहेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. हा कायदा कागदावरच होता. पण 2023-24 च्या हिशोबापासून आयकरवाल्यांनी त्याला दात दिले. मुदत उलटलेली अशी देणी 31 मार्चला बाकी राहिली, तर वह्या ठेवून कर भरणाऱ्या व्यापाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. माझ्या सीएने हे समजावले त्या दिवसापासून माझ्याकडच्या कारागिरांचे पैसे वेळेवर जातात. कायद्याच्या भीतीने सुधारलो, हे कबूल करायला लाज कसली?

पण या मुदतीचा हक्क सांगण्यासाठी कारागिराची उद्यम नोंदणी हवी. 1 जुलै 2020 पासून ती आधार क्रमांकावर फुकट होते. नोंदणीचे पाचशे-हजार मागणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा. नोंदणी असली की थकलेल्या पैशासाठी सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो.

आणि चिठ्ठी लिहा. स्टॅम्प पेपर हवाच असे नाही, साधा कागद आणि दोन सह्या चालतील. नगाचा भाव, पैसे किती दिवसांत, एजन्सीचे कमिशन वेगळ्या ओळीत, कर कापला तर कोणाच्या पॅनवर. कापड किती मीटर दिले तेही लिहा, कारण आमच्या धंद्यातली अर्धी भांडणे कतरनीवरून होतात. पडद्याच्या ठाणातून उरलेला दीड मीटर कोणाचा? कारागीर म्हणतो रिवाजाने माझा, एजन्सी म्हणते हॉटेलचा, आणि शेवटी तो मजुरीतून वजा होतो. नग बिघडला तर नुकसान कापडाच्या भावाने की तयार मालाच्या, हेही आधीच ठरवावे. व्यापारी बंधूंना वाटेल की एवढे लिहून देणे म्हणजे हात बांधून घेणे. माझा अनुभव उलटा आहे. माल बिघडला तेव्हा त्या कागदाने मलाच वाचवले.

त्या कारागिराने एजन्सीला पत्र लिहून 6,040 रुपये परत मागितले आहेत, ते अजून आलेले नाहीत. यंदाचे पडदे मात्र त्याने थेट हॉटेलवाल्याकडून घेतले, आणि चिठ्ठी माझ्याच दुकानात बसून लिहिली.