टिंटर्नच्या वरचे काही मैल

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांतून इंग्रजी साहित्य शिकलेल्या बहुतेकांना 'टिंटर्न ॲबी' ही कविता केव्हातरी भेटलेली असते. पुष्कळांना ती गाइडातूनच भेटते : कवी पाच वर्षांनी परत येतो, निसर्ग त्याचा गुरू होतो, बहीण सोबत असते, उत्तर संपले. कवितेचे मूळ शीर्षक लांबलचक असल्यामुळे ते सर्वांनीच छाटून टाकले आणि छाटताना नेमका कामाचा भाग गेला. वर्ड्‌स्वर्थने शीर्षकात सांगितलेले ठिकाण टिंटर्नचा मठ हे नव्हेच. मठाच्या वर, म्हणजे नदीच्या उगमाच्या दिशेने काही मैलांवरचे ते स्थळ आहे, आणि सोबत तारीख आहे 13 जुलै 1798. कवितेच्या अंगात मठ कोठेही नाही. ही गोष्ट आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. तिचा अर्थ मात्र आम्हा दोघांना वाय नदीच्या खोऱ्यात भाड्याच्या सायकलींवर धापा टाकताना कळला, हे कबूल केले पाहिजे.

वायचे हे खोरे इंग्रजी सौंदर्यदृष्टीच्या इतिहासात एखाद्या प्रयोगशाळेसारखे आहे. विल्यम गिल्पिन हा पाद्री 1770 मध्ये येथे आला आणि 1782 मध्ये त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. निसर्ग चित्राच्या नियमांनी कसा पाहावा, हे त्याने शिकवले. पुढे रॉस गावी होडीत बसायचे आणि प्रवाहाबरोबर चेपस्टोपर्यंत वाहत जायचे, अशी 'वाय टूर' रूढच झाली. गिल्पिनच्या लेखी नदीचे दोन काठ हे रंगमंचाचे बाजूचे पडदे होते आणि वळण हा समोरचा पडदा. होडीत बसलेल्याला असेच दिसणार. तो पाण्याच्या पातळीवर असतो, वल्ही दुसरा कोणी मारतो, आणि एकेक देखावा समोरून सरकत जातो. मठाच्या पडक्या भिंतींचे त्रिकोणी माथे फारच नीटनेटके दिसतात, तेव्हा हातोड्याचे चार घाव घातले तर बरे, असेही या गृहस्थाने सुचवले आहे. असो.

आज या खोऱ्यात सायकलीने जाणाऱ्याचा मार्ग नेमका उलटा असतो. आम्ही चेपस्टोहून निघालो, म्हणजे नदीच्या मुखाकडून वर. पहिले सुमारे आठ किलोमीटर 2021 मध्ये खुल्या झालेल्या 'वाय व्हॅली ग्रीनवे'चे आहेत. हा मार्ग म्हणजे 1876 मध्ये सुरू झालेल्या आणि 1959 मध्ये प्रवाशांसाठी बंद पडलेल्या रेल्वेची उखडलेली लाइन. त्यात टिडनहमचा बोगदा लागतो, एक किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा. आत वटवाघळांचा हिवाळी मुक्काम असल्याने ऑक्टोबरपासून मार्चअखेर तो बंद ठेवतात. सप्टेंबरच्या उन्हातून त्या गारठ्यात शिरलो. भिंतींवर इंजिनांची काजळी होती, दिव्यांचा उजेड जेमतेम होता आणि आमच्याच चाकांचा आवाज मागून यावा तसा येत होता. बाहेर पडल्यावर दगडखाणीचा कापलेला डोंगर, मग बीच वृक्षांची दाटी आणि शेवटी एक लोखंडी पूल. पुलापलीकडे टिंटर्न. हा पूल ज्या फाट्यासाठी बांधला होता तो मठाकडे जाणारा नव्हता. तो तारांच्या कारखान्याकडे जाणारा होता.

येथे आमच्या म्हणण्याला सुरुवात होते. टिंटर्नमध्ये तार ओढण्याचा कारखाना 1566 मध्ये उभा राहिला, मठ विसर्जित झाल्यानंतर अवघ्या तीस वर्षांनी. अँगिडी या छोट्या ओढ्याच्या पाण्यावर भट्ट्यांचे भाते आणि घण चालत. वर्ड्‌स्वर्थ आला त्या वर्षीही तेथील भट्टी धगधगत होती. म्हणजे आज सायकलस्वाराला 'रम्य मार्ग' म्हणून मिळणारी शांत, सपाट, हिरवी वाट ही तेथल्या कारखानदारीचीच उरलेली मालमत्ता आहे. रेल्वेला चढ सोसत नाही म्हणून वाट सपाट, आणि माल संपला म्हणून शांत. माहितीपत्रकात हे एखाद्या ओळीत येते, छायाचित्रात मात्र कधी येत नाही.

सपाटी संपल्यावर खरी परीक्षा होती. टिंटर्नहून नदीकाठाने मन्मथला जाणारा मोटाररस्ता अरुंद आणि वर्दळीचा आहे. त्यामुळे आम्ही ब्रॉकवियरला पूल ओलांडून पूर्वेकडच्या डोंगरातल्या बोळांनी सेंट ब्रिव्हेल्सकडे चढलो. नदी जवळजवळ समुद्रसपाटीला आणि गाव दोनशे मीटरांच्या वर. सर्वांत हलका गिअर संपल्यावर उतरून सायकल ढकलली, त्यात कमीपणा मानला नाही. होडीतल्या गिल्पिनला जो डोंगर 'बाजूचा पडदा' वाटला त्याला पाठ आहे, आणि पाठीवर माणसे राहतात, हे पायाच्या पोटऱ्यांना जितके नीट कळते तितके डोळ्यांना कळत नाही.

त्या पाठीवर डीनचे अरण्य पसरले आहे. वरून पाहणाऱ्याला ते केवळ ओकचे रान. प्रत्यक्षात पायाखाली दगडी कोळसा आणि लोखंड. सेंट ब्रिव्हेल्सच्या किल्ल्यात तेराव्या शतकात राजाच्या सैन्यासाठी बाणांची लोखंडी टोके घडत. या मुलखात जन्मलेल्या आणि खाणीत एक वर्ष एक दिवस काम केलेल्या माणसाला स्वतःची खाण चालवण्याचा परंपरागत हक्क मिळतो, आणि 2010 पासून तो स्त्रियांनाही मिळू लागला. शेवटची मोठी कोळसाखाण 1965 मध्ये बंद झाली. तिच्यासारख्या खाणींचा कोळसा ज्या रुळांवरून जाई, त्यांच्याच जागी आता कॅनप तळ्यांच्या बाजूने सायकलींची वर्तुळाकार वाट आहे. पुढे लहान मुले, मागे त्यांचे आईबाप. आम्ही त्यांच्यामागून निमूटपणे जात होतो. नाटककार डेनिस पॉटर हा याच अरण्यातल्या खाणकामगाराचा मुलगा. आपल्या मुलखाचे बदलते जीवन त्याने 'द चेंजिंग फॉरेस्ट' (1962) या पुस्तकात टिपले आहे. वायचा काठ आणि पॉटरचे रान यांत सायकलीचे एका दिवसाचेसुद्धा अंतर नाही. आपल्या अभ्यासक्रमांत मात्र पहिला रोमँटिक काव्याच्या पेपरात येतो आणि दुसरा बहुधा कोठेच येत नाही.

आता कवितेकडे. मार्जरी लेविन्सन यांनी 1986 मध्ये वर्ड्‌स्वर्थवर आरोप केला, की डोळ्यांसमोरची दैन्यावस्था आणि कारखाने त्याने कवितेतून गाळले. गिल्पिनने तरी मठातल्या भिकाऱ्यांचे आणि जवळच्या लोखंडी कारखान्याच्या गोंगाटाचे वर्णन केले होते. कवीने तेही केले नाही. हा आरोप आम्ही अनेक वर्षे उत्साहाने शिकवला. निसर्गकवी म्हणून कोणाला देव्हाऱ्यात बसवले असता त्याला खाली ओढण्याचे समाधान वेगळेच असते (बालकवींच्या बाबतीत हा खेळ मराठीतही होऊन गेला आहे). आज आम्हाला तो आरोप अर्धाच पटतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही डोंगरावरून पुन्हा नदीकडे, बिग्झवियरच्या पुलापाशी उतरलो. कवितेला वर्ड्‌स्वर्थने स्वतः एक तळटीप जोडली आहे. टिंटर्नच्या काही मैल वर नदीवर भरतीचा परिणाम होत नाही, एवढीच ती टीप. वर्गात ती कोणी वाचत नाही. पण सेव्हर्नच्या मुखाशी येणारी भरती जगातल्या सर्वांत मोठ्या भरतींपैकी आहे. चेपस्टोला ओहोटीच्या वेळी दोन्ही काठांवर करड्या चिखलाच्या भिंती उघड्या पडतात. टिंटर्नलाही चिखल, आणि पूर्वी तेथपर्यंत भरतीवर स्वार होऊन मालाच्या होड्या येत. बिग्झवियरला ही हद्द संपते. तेथून पुढे पाणी एकाच दिशेने वाहते, आणि त्याचा आवाजही वेगळा आहे. म्हणजे कवीने मठ, धक्के आणि भट्ट्या 'गाळल्या' असे म्हणण्याआधी तो जेथे उभा असल्याचे सांगतो तेथे त्या होत्या का, हे पाहायला हवे होते. काही अभ्यासकांनी या टिपेकडे लक्ष वेधले आहे. आम्ही ते वाचलेही होते, पण आमचे पाय तोवर त्या हद्दीपलीकडे गेले नव्हते.

उरलेला अर्धा आरोप मात्र टिकतो. झाडीतून वर येणाऱ्या धुराकडे कवी पाहतो आणि तो भटक्यांचा असेल की एकांतवासी साधूचा, असा तर्क करतो. हा धूर बहुधा लोणारी कोळशाचा. डोंगर उतारांवर कोळसा पाडला जाई आणि तो टिंटर्नच्या भट्टीत जाई, हे गिल्पिनला ठाऊक होते. चढावर राहणाऱ्या कोणालाही ठाऊक असणार. तेव्हा खोऱ्यातून जाणारा आजचा रस्ताही नव्हता, तो 1820च्या दशकात झाला. कवी पायी चालत होता. ही कविता त्याने टिंटर्न सोडताना मनात रचायला घेतली आणि ब्रिस्टलमध्ये शिरता शिरता पूर्ण केली. इतका चाललेला माणूस धुराच्या मुळाशी का गेला नाही, हा प्रश्न आम्ही गाळणार नाही.

बिग्झवियरहून आम्ही मन्मथला गेलो आणि तेथून जुन्या रेल्वेवरच्या 'पेरेग्रिन पाथ'ने सिमंड्स याटच्या कड्यांपर्यंत. कडे सुंदर आहेत, यात वाद नाही. पाणी मात्र गढूळ हिरवे होते. 2023 मध्ये 'नॅचरल इंग्लंड' या शासकीय संस्थेने वायची स्थिती प्रतिकूल आणि घसरती असल्याचे जाहीर केले. खोऱ्यात कुक्कुटपालन फार वाढले आहे. त्या खताचे फॉस्फेट पाण्यात उतरते, शेवाळ माजते आणि उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी नदी झाकणारी पाणवनस्पती मरते. हेही माहितीपत्रकाच्या छायाचित्रात नाही. गिल्पिनचे बाजूचे पडदे अजून जागेवर आहेत, एवढेच.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोडे कधी वायला जातील, याची आम्हाला जाणीव आहे. व्हिसा आणि विमानभाडे यांचा हिशेब सायकलीच्या गिअरने सुटत नाही. म्हणून या सत्रात कविता वाचण्याआधी आम्ही त्या खोऱ्याचा समोच्च रेषांचा नकाशा वर्गात लावला. भरतीची हद्द, भट्टीची जागा आणि बंद झालेल्या रेल्वेलाइनी विद्यार्थ्यांकडूनच रंगवून घेतल्या. मग शीर्षक पूर्ण वाचले, तळटीप वाचली, आणि शेवटी कविता. तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तो नदीच्या कोणत्या काठावर बसला होता?" कवितेत ते नाही. दोन्ही काठांवर बोट फिरवून तिने पूर्वेकडचा, डीनच्या रानाकडचा काठ निवडला आणि का, ते सांगू लागली. पुढच्या तासाचे प्राध्यापक दारात येऊन उभे होते.