सहजीवन कोणाच्या अटींवर?

मालक आणि कामगार यांच्या संबंधांवर व्याख्यान द्यावयाचे झाले, की आपल्याकडील सुखवस्तू वक्त्यांना म्हशीच्या पाठीवरचा बगळा हटकून आठवतो. बगळा म्हशीच्या अंगावरील गोचीड खातो, म्हैस त्याला आसरा देते. दोघांचेही भले होते आणि दोघांपैकी कोणीही संप पुकारीत नाही! निसर्गच असा सलोखा शिकवीत असेल, तर माणसाने वर्गसंघर्षाची भाषा का करावी, असा त्या व्याख्यानाचा शेवट असतो. टाळ्याही पडतात. आपले काही कार्यकर्ते या दृष्टांतापुढे निरुत्तर होतात, म्हणून तो मुळात कितपत खरा आहे हे तपासून पाहणे अवश्य आहे.

गायबगळ्याचे पोट मुख्यतः गोचिडांवर भरत नाही. जनावर चरत पुढे सरकते, तसे त्याच्या खुरांमुळे गवतातील नाकतोडे व इतर किडे उडतात आणि बगळा ते टिपतो. जनावरासोबत हिंडणाऱ्या बगळ्याला एकट्या बगळ्यापेक्षा कमी पावलांत जास्त भक्ष्य मिळते, हे निरीक्षकांनी मोजून दाखविले आहे. म्हशीच्या पदरात मात्र जवळजवळ काहीच पडत नाही. फार तर चार माश्या कमी होतात. शेतात ट्रॅक्टर आला, की हाच बगळा नांगरटीमागून तितक्याच निष्ठेने चालू लागतो. ट्रॅक्टरशी त्याचे सहजीवन आहे, असे अद्याप कोणा वक्त्याने सांगितलेले नाही.

आफ्रिकेतील ऑक्सपेकर या पक्ष्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे. लाल चोचीचा आणि पिवळ्या चोचीचा अशा त्याच्या दोनच जाती असून त्या सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस आढळतात. गेंडा, जिराफ, रानरेडा, पाळीव गुरे यांच्या अंगावरच त्यांचे बहुतेक आयुष्य जाते. हा पक्षी जनावराला गोचिडांपासून मुक्त करतो, असे पाठ्यपुस्तके पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. पॉल वीक्स या संशोधकाने झिंबाब्वेतील बैलांच्या एका कळपात याची परीक्षा घेतली. काही बैलांपासून त्याने पक्षी दूर ठेवले आणि काहींवर बसू दिले. २००० साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते असे की प्रौढ गोचिडांच्या संख्येत लक्षणीय फरक पडला नाही. उलट ज्यांच्यावर पक्षी बसत होते त्यांच्या जखमा अधिक होत्या आणि त्या भरून येण्यास वेळ लागत होता. पक्षी जखमा टोचून उघड्या ठेवीत होते व रक्त पीत होते. गोचीड तो खातो हे खरे. पण रक्ताने टम्म फुगलेला गोचीड त्याला विशेष प्रिय, म्हणजे जनावराचे नुकसान होऊन गेल्यानंतरचा.

म्हणजे हा पक्षी निव्वळ शोषक ठरला काय? तसेही नाही, आणि सोयीचे नसले तरी हे आपण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. स्वाहिली भाषेत त्याला ‘अस्कारी वा किफारू’, म्हणजे गेंड्याचा पहारेकरी म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतील ऱ्हलुऱ्हलुवे-इम्फोलोझी अभयारण्यात काळ्या गेंड्यांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. अंगावर पक्षी नसलेल्या गेंड्याला जवळ येणाऱ्या माणसाची चाहूल शंभरातून सुमारे २३ वेळाच लागली. पक्षी असलेल्याला प्रत्येक वेळी लागली, आणि तीही दुपटीहून अधिक अंतरावरून. डोळ्यांनी अधू असलेल्या आणि चोरट्या शिकाऱ्यांनी घेरलेल्या गेंड्याला हा पहारा प्राणमोलाचा आहे. तरी तो फुकट नाही. तोच पहारेकरी गेंड्याचे व्रण टोचून रक्त पितो. हत्ती मात्र या पक्ष्याला सहसा अंगावर टिकू देत नाही. ज्याला झटकता येते त्याच्याशी सहजीवन वेगळ्या अटींवर होते, हे आमच्या वक्त्यांनी कधी लक्षात घेतले आहे काय?

आपल्यातील काहीजण येथे क्रपॉटकिनचा आधार घेतात. त्याचा परस्पर साहाय्यावरील ग्रंथ १९०२ चा, आणि तो थोर आहेच. परंतु त्याने वर्णिलेले साहाय्य मुख्यतः एकाच जातीच्या प्राण्यांमधले, समानांमधले आहे. बगळा-म्हशीच्या दृष्टांताला त्यातून बळ मिळत नाही. गंमत अशी की दोन जातींच्या परस्परोपकारी संबंधाला बेल्जियन प्राणिशास्त्रज्ञ व्हान बेनेडेन याने १८७० च्या दशकात ‘म्युच्युअ‍ॅलिझम’ हे नाव दिले, त्याआधीच लियाँचे रेशीम विणकर आणि प्रूधाँ हा शब्द वापरीत होते. कामगारांच्या एकजुटीचा शब्द प्राणिशास्त्रात गेला, आणि आता तो कामगारांनाच नम्रतेचा पाठ म्हणून ऐकविला जात आहे!

पक्षी आणि जनावर यांच्यातील या सौद्यात तिसरा कोणी शिरला म्हणजे काय होते, तेही आफ्रिकेत दिसले. बुळकांडीचा रोग १८८० च्या दशकाच्या अखेरीस इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांमार्फत इरिट्रियात शिरला, असे मानले जाते. १८९६ मध्ये तो खंडाच्या दक्षिण भागात पोहोचला आणि त्याने गुरे व रानरेडे यांचा फडशा पाडला. पुढे गोचीड मारण्यासाठी जनावरांना सोमलयुक्त हौदांतून काढण्याची पद्धत पडली. पिवळ्या चोचीचा ऑक्सपेकर दक्षिण आफ्रिकेतून नाहीसा झाला. तो क्रूगर उद्यानात पुन्हा येऊन स्थिरावला १९७९ मध्ये.

आपल्याकडे गिधाडांचे हेच झाले. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते व त्याची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांच्या आसपास नष्ट झाली होती. जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली; परंतु माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांकडे वळत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीवर ३ मिलिलिटरची मर्यादा घालावी लागली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक यांवरही जनावरांपुरती बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे निर्धोक औषध उपलब्ध आहे. ते आपल्या तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गरीब पशुपालकाला प्रत्यक्ष मिळते का, आणि मिळत नसेल तर त्याच्या हाती त्याऐवजी काय दिले जाते, एवढी चौकशी कार्यकर्त्यांनी येत्या पंधरवड्यात करावी व उत्तरे लेखी मागावीत.