'फिफा मास्टर' आणि ग्युलेनचे मास्तर

साहित्याच्या विभागात 'स्पोर्ट्स मॅनेजमेंट'चे नाव निघाले की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली कुत्सित: खेळाचा धंदा करणाऱ्यांना कारकून लागतात आणि त्या कारकुनीला आता पदव्युत्तर पदवी मिळते, एवढेच. दुसरी हेव्याची: त्यांना नोकऱ्या तरी मिळतात! आम्हाला या दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच आळशी वाटतात. कारण या विद्याशाखेत जो प्रश्न आज उघडानागडा समोर उभा आहे, तो आपलाही आहे. ज्याचे मीठ खायचे, त्याचीच चिकित्सा करायची, हे संशोधकाला साधते का?

प्रारंभापासून पाहू. या विषयातला जगातला पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम 1966 साली अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात सुरू झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याची मूळ कल्पना वॉल्टर ओमॅली यांची. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाच्या या मालकाने 1957 साली जेम्स मेसन या प्राध्यापकाकडे विचारणा केली होती, की क्रीडांगणे आणि संघ चालवणारी शिकलेली माणसे कोणते विद्यापीठ तयार करते? त्याच वर्षी ओमॅलींनी आपला संघ ब्रुकलिनमधून उचलून लॉस एंजेलिसला नेण्याची घोषणा केली. तिथले नवे क्रीडांगण 1962 साली उघडले. ज्या जमिनीवर ते उभे राहिले, तिथे पूर्वी मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांची वस्ती होती. सार्वजनिक घरांच्या योजनेसाठी म्हणून शहराने ती रिकामी करवली. घरे झालीच नाहीत, आणि अखेरपर्यंत तग धरून राहिलेल्यांना 1959 साली सरकारी बळाने बाहेर काढण्यात आले. म्हणजे पाहा, एका मालकाला व्यवस्थापक हवे होते आणि विद्यापीठाने ते पुरवण्याचे पत्करले. संघ गेला तेव्हा ब्रुकलिनचे काय गेले आणि त्या टेकडीवरच्या माणसांचे काय झाले, हे विचारायला कोणी विद्यापीठाकडे गेले नव्हते. विद्याशाखेचा जन्म मागणीतून झाला, जिज्ञासेतून नव्हे.

युरोपात हीच गोष्ट अधिक सुसंस्कृत रीतीने घडली. 1995 साली फिफा, न्यूशातेल विद्यापीठ आणि न्यूशातेलचे शहर व प्रांत यांनी मिळून स्वित्झर्लंडमध्ये एक आंतरराष्ट्रीय क्रीडा अध्ययन केंद्र स्थापन केले. त्या केंद्राने 2000 साली सुरू केलेला अभ्यासक्रम 'फिफा मास्टर' या नावाने ओळखला जातो. त्याच वर्षी, त्याच देशात, लोझानला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या सहभागाने आणखी एक अकादमी निघाली. 'फिफा मास्टर'ची मूळ घडण मोठी देखणी होती. आधी इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात खेळाचा इतिहास आणि मानव्यविद्या, मग मिलानच्या बोकोनीत व्यवस्थापन, आणि शेवटी न्यूशातेलमध्ये कायदा. तीन देश, तीन विद्या, एक वर्ष. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला आधी इतिहास शिकवावा, ही बुद्धी किती अभ्यासक्रमांना होते? तिथे शिकवणारे इतिहासकार नामधारी नव्हते, पक्के संशोधक होते. हे श्रेय आम्ही मोकळ्या मनाने देतो.

पण त्या शिकलेल्या इतिहासाने पुढे जायचे कुठे? मानव्यविद्येचे काम प्रश्न विचारण्याचे. इथे मात्र तिचे काम नांदीचे. नांदी म्हणून झाली की नाटक व्यवस्थापनाचे आणि कायद्याचे सुरू होते, आणि नाट्यगृहाचे भाडे भरणारा पहिल्या रांगेत बसलेला असतो.

27 मे 2015 रोजी पहाटे झुरिकच्या एका आलिशान हॉटेलातून फिफाच्या सात पदाधिकाऱ्यांना अटक झाली. आरोप लाचखोरीचे, आणि तेही दोन दशकांहून अधिक काळाचे. एवढा काळ हे कोण सांगत होते? अँड्र्यू जेनिंग्ज हे पत्रकार सांगत होते. ऑलिंपिक समितीवरच्या पुस्तकापायी 1994 साली लोझानच्या न्यायालयाने त्यांना पाच दिवसांची स्थगित कैद सुनावली होती, आणि फिफाने पुढे आपल्या पत्रकार परिषदांचे दार त्यांना बंद केले होते. जॉन सुग्डेन आणि अ‍ॅलन टॉमलिन्सन हे ब्राइटनचे समाजशास्त्रज्ञ सांगत होते. त्यांचे फिफावरचे पुस्तक 1998 सालचे. ऑलिंपिकचे अंदाजपत्रक सरासरी 156 टक्क्यांनी फुगते, हा 2016 सालचा हिशेब ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी मांडला. ते मोठ्या प्रकल्पांचे अभ्यासक होते, क्रीडाव्यवस्थापनाचे नव्हेत. कतारमधल्या स्थलांतरित मजुरांच्या हालांना वाचा फोडली ती वृत्तपत्रांनी आणि मानवाधिकार संघटनांनी. याच काळात न्यूशातेलच्या केंद्राची फुटबॉल वेधशाळा कोणत्या खेळाडूची बाजारात किती किंमत व्हावी, याचे काटेकोर गणित प्रसिद्ध करत होती. ते गणित चुकीचे होते असे आमचे म्हणणे नाही. खेळाडूची किंमत मोजण्याची कला ज्या कसोशीने वाढवली, तेवढी कसोशी ती किंमत ठरवणाऱ्यांच्या तपासणीत का दिसू नये, एवढेच आम्ही विचारतो.

न्यूशातेल हे नाव साहित्याच्या वाचकाला आणखी एका कारणाने ठाऊक असायला हवे. नाटककार फ्रीडरिश ड्यूरेनमाट 1952 पासून 1990 मधल्या मृत्यूपर्यंत तिथेच राहिला. त्याच्या घराभोवती उभारलेले स्मारककेंद्र उघडले तेही 2000 सालीच. त्याचे 'द व्हिजिट' हे 1956 सालचे नाटक आठवा. ग्युलेन नावाच्या दिवाळखोर गावात एक अतिश्रीमंत बाई परतते आणि एक अब्ज देऊ करते. अट एकच, आल्फ्रेड इल या गावकऱ्याचा जीव. गाव बाणेदारपणे नकार देते आणि दुसऱ्या दिवसापासून उधारीवर नवे पिवळे जोडे घालू लागते. (1976 च्या ऑलिंपिकचे कर्ज फेडायला माँट्रियलला 2006 साल उजाडले, उधारीचे जोडे केवळ नाटकात नसतात.) या नाटकातले आम्हाला सर्वात अस्वस्थ करणारे पात्र म्हणजे गावातले मास्तर. ग्रीक-लॅटिन परंपरेत वाढलेला, मानवतावादी माणूस. पत्रकारांसमोर खरे बोलण्याचा एक प्रयत्न ते करतात, तोही दारूच्या अमलात. पुढे ते इलपाशी कबूल करतात, की आपणही हळूहळू खुनी होत चाललो आहोत. आणि शेवटी गावाच्या सभेत न्याय आणि आदर्श यांवरचे सर्वात सुंदर भाषण तेच करतात. खून त्या भाषणानंतर होतो.

मास्तर पैसे खाऊन बोलत नाहीत, हे ध्यानात घ्यावे. ते फक्त गावाबरोबर राहतात. क्रीडासंस्थांच्या आश्रयाने चालणाऱ्या संशोधनाचा धोका हाच आहे. लाच नव्हे, सहवास. प्रबंधाच्या विषयाची निवड, मुलाखतीसाठी मिळणारा प्रवेश, दप्तरातले कागद पाहण्याची परवानगी, पुढची नोकरी: सगळे एकाच दारातून येत असेल, तर त्या दारावर टकटक कोणत्या आवाजात करायची, हे कोणी न सांगता विद्यार्थ्याला कळते.

'अभियांत्रिकीलाही उद्योग पैसा देतातच की!' हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. पण पूल कच्चा असला तर तो कोसळतो. पैसा कोणी दिला याची तो पर्वा करत नाही. फिफा आणि ऑलिंपिक समिती मात्र स्विस नागरी संहितेच्या 60 व्या कलमाखाली नोंदलेल्या खाजगी संघटना आहेत, म्हणजे कायद्याच्या भाषेत गावातल्या एखाद्या मंडळाच्या जातीच्या. त्यांना मतदार नाहीत, भागधारक नाहीत. उलाढाल मात्र अब्जावधींची. अशा संस्थेवर बाहेरून पाहणारा डोळा विद्यापीठाचा नाही तर कोणाचा? आणि तोच डोळा संस्थेच्या खर्चाने चष्मा लावून घेऊ लागला तर?

ऑक्टोबर 2023 मध्ये ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले, 2036 च्या ऑलिंपिकची आकांक्षा तिथे बोलून दाखवली गेली, आणि मुंबई-पुण्यात क्रीडाव्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण केव्हाच पोचले आहे. तेव्हा आमच्या मागण्या आताच मांडतो. शिष्यवृत्तीचा पैसा क्रीडासंस्थेने द्यावा, पण विषय आणि परीक्षक निवडण्यात तिचा हात नसावा. प्रबंध गोपनीय अहवालासारखे कपाटात न राहता सर्वांना वाचायला मिळावेत. इतिहास आणि समीक्षा पहिल्या सत्रापुरत्या न ठेवता प्रबंधाच्या तोंडी परीक्षेपर्यंत सोबत न्याव्यात.

आणि एक मागणी आपल्याकडेच. हस्तिदंती मनोऱ्यातून हसणे पुरे. सी. एल. आर. जेम्स यांचे 'बियॉन्ड अ बाउंडरी' 1963 साली आले. क्रिकेटमधून वर्ण, वर्ग आणि साम्राज्य वाचता येते हे त्याने दाखवून दिले. आपल्या किती विभागांत ते शिकवले जाते? प्रायोजकांची पत्रके, बोलीचे दस्तऐवज, यजमान शहरांना दिलेली वचने हीही गद्यच आहेत, आणि गद्यातली लबाडी ओळखण्याचे शिक्षण आपण देतो असा आपला दावा आहे. तो खरा असेल तर क्रीडाव्यवस्थापनाच्या वर्गात आपण मागून का होईना, जाऊन बसले पाहिजे. नांदी म्हणायला नव्हे, शंका विचारायला.