दूधभाताची अहिंसा



मागच्या आठवड्यात स्वाध्याय संपल्यावर बस्तीच्या पायरीवर एक अक्का मला म्हणाल्या, "अहो, त्या मांजराला रोज सुया टोचताय म्हणे. वर मांसाचं खाणं घरात आणताय. एवढं पाप कशाला डोक्यावर घेता? वय झालंय त्याचं, जाऊ दे की." चपला शोधणाऱ्या चौघींनी माना डोलावल्या. मला राग आला की शब्द सुचत नाहीत. घरी आल्यावर सुचले, ते इथे लिहिते.

आमचा बंड्या दहा वर्षांचा बोका. एका पावसाळ्यात जिन्याखाली भिजत बसलेला सापडला. तेव्हापासून त्याला दूधभात, चपाती, मारी बिस्किटं घातली आणि येईल त्याला कौतुकानं सांगितलं, "आमचा बंड्या शाकाहारी आहे हो." परसात तो उंदीर धरायचा तेव्हा मी तोंड फिरवायची. बसून खाऊन साडेसहा किलोचा झाला, त्याचंही कौतुकच.

दिवाळीनंतर तो सारखा पाणी प्यायला लागला. मातीचा ट्रे दिवसातून तीनदा बदलावा लागे. खाणं वाढलं, पण वजन पाच किलोवर आलं, आणि चालताना मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकायला लागल्या. डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली, साखर ४०० च्या वर. मांजराची साखर दवाखान्याच्या भीतीनंही चढते, म्हणून त्यांनी फ्रुक्टोसामाइनची तपासणी केली. तिच्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर कळते. मधुमेहच निघाला.

"माझ्या दूधभातानं झालं का?" मी विचारलं. ते म्हणाले, वय, लठ्ठपणा, नसबंदी झालेला बोका, बसून राहणं अशी बरीच कारणं असतात, एकट्या भातावर खापर फोडू नका. पण मांजराचं शरीर मांसावरच जगायला घडलेलं आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला अन्नातूनच पुरेसं मिळावं लागतं, नाहीतर डोळे आणि हृदय बिघडतं. आणि मधुमेही मांजराला पिष्ट जितकं कमी तितकं बरं. म्हणजे भात, चपाती, बिस्किट बंद.

आता अक्कांच्या बोलण्याकडे येते.

मांसाचं खाणं आणण्यात हिंसा आहे का? आहे. मी नाकारत नाही. बी.कॉम. झालेली बाई आहे मी, नावेची रक्कम जमेला दाखवत नाही. रोजच्या प्रतिक्रमणात ती रक्कम माझ्या नावावर लिहिते. पण दूधभाताची रक्कम कुठे लिहायची, ते मला कुणी सांगेल का? तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आपण पाठ म्हणतो, अर्थाशी थांबत नाही. आपल्या आधारानं राहणाऱ्या जिवाला त्याचं अन्न न देणं हा पाचवा अतिचार. ताट भरलेलं आहे, पण त्यात त्याच्या देहाला लागणारं काही नाही, तर तो निरोध नव्हे काय? दूधभातानं हात माझे स्वच्छ राहिले, देह त्याचा झिजला.

मांसाहारी प्राणी पाळू नये असं आपले श्रावकाचार सांगतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगते, ज्यांना ते खाणं घरात नको, त्यांनी मांजर पाळू नका. ते प्रामाणिकपणाचं आहे. पण आधी उचलून आणायचं, नातवंडांना खेळायला द्यायचं, आणि आजारी पडलं की शास्त्र आठवायचं, हे चालणार नाही. पांजरपोळात सोडा म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं, तिथे रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सातला त्याला टोचणार कोण?

दुसरी शंका इन्सुलिनची. "ते डुकराचं असतं ना?" १९२२ साली माणसाला पहिल्यांदा दिलं तेव्हा जनावरांच्या स्वादुपिंडातून काढत, हे खरं. १९८२ पासून जिवाणूंकडून तयार केलेलं मिळू लागलं. बंड्याचं ग्लार्जिन तसंच आहे. आणि आपल्या मंडळातल्या कितीजणींच्या फ्रीजमध्ये इन्सुलिन आहे, ते मी इथे मोजत नाही. स्वतःला चालतं, मांजराला पाप?

तिसरं, "त्याचं कर्म". नातवाला ताप आला तर आपण रात्री दोनला डॉक्टर उठवतो, तेव्हा कर्म आठवत नाही. एकीनं तर सल्लेखनेचं नाव घेतलं. सल्लेखना स्वतःच्या समजुतीनं, व्रत घेऊन करायची असते. मुक्या जिवाचा उपचार दुसऱ्यानं थांबवला, तर त्याला ते पवित्र नाव देऊ नका.

ज्यांच्या घरी असं मांजर आहे त्यांच्यासाठी कामाचं. आपल्याकडे इन्सुलिन ४० आणि १०० अशा दोन ताकदींचं मिळतं. ४० ला लाल टोपीची सिरिंज, १०० ला नारिंगी. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट चुकतो, जीव जाऊ शकतो. बंड्याला एक युनिटपासून सुरुवात केली, तुमचं तुमचे डॉक्टर ठरवतील. खाणंही त्यांना विचारूनच बदला, कारण भात बंद झाला की इन्सुलिन कमी लागू शकतं. खाल्लं नाही तर न विचारता टोचू नका. चुकलेला डोस दुप्पट करून भरू नका. मांजर झोकांड्या खायला लागलं, गळून गेलं, तर साखर उतरली समजा. हिरड्यांना मध लावा म्हणतात. आपल्याकडे मध नाही, साखरेचा पाक चालतो. तो लावून लगेच दवाखाना. खाणं सुटलं, उलट्या होऊन मलूल पडलं, तरी थांबू नका.

संध्याकाळचं खाणं सूर्यास्तानंतर होतं, यावरही कुणी बोललं. रात्रीभोजनाचा नियम मी घेतला आहे, बंड्यानं नाही. त्याची ताटली, चमचा वेगळा, मागच्या गॅलरीत.

वही घातली आहे : वेळ, डोस, खाणं, पाणी, कानाच्या कडेला टोचून घेतलेली साखर. काही मांजरांचं इन्सुलिन काही महिन्यांत सुटतं म्हणे. बंड्याचं सुटेल की नाही, माहीत नाही. आज सकाळी २१२ होती. टाचा अजून टेकतात, पण काल तो स्वतःहून कट्ट्यावर चढला.

अक्का, तुम्ही हे वाचालच. एकदा संध्याकाळी सातला घरी या. सुई केवढी असते ते बघा, आणि टोचल्यावर तो कुणाच्या मांडीवर येऊन बसतो तेही बघा. मग पापाचं बोलू.

जय जिनेंद्र.