प्रतीक्षालयाचा दरवाजा कुणासाठी?

मानवत हे कापसाचे गाव. या गावाच्या नावाचे रेल्वे स्टेशन आहे, पण ते गावात नाही. म्हणून तर त्याच्या नावाला 'रोड' हा शब्द जोडलेला आहे. मानवत रोडला गाडी पकडायची म्हणजे वेळेच्या बरेच आधी निघायचे, स्टेशनवर पोहोचायचे आणि मग वाट पाहायची. आमच्या पिढीने ही वाट पोत्यावर, पेटीवर, चादरीवर बसून पाहिली. ६ डिसेंबरसाठी चैत्यभूमीला निघालेली कुटुंबेच्या कुटुंबे भाकरीचे गाठोडे उशाला घेऊन मराठवाड्यातल्या स्टेशनांवर रात्र काढताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना वेगळे काही सांगायला नको. त्यामुळे गेल्या वर्षी एका विमानतळावर नऊ तास ताटकळण्याची वेळ आली, तेव्हा त्याचे विशेष वाटले नाही. विशेष वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे.

आमची लेक राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकली. तिच्या पदवीदान समारंभाला मी, पत्नी, धाकटा मुलगा आणि माझी आई असे चौघे निघालो. घरातले कुणीच यापूर्वी विमानात बसलेले नव्हते. आखातातल्या एका विमानतळावर विमान बदलायचे होते आणि पुढचे विमान नऊ तासांनी होते. मुलाने मोबाईलवर पाहून सांगितले की, आपल्या बँकेच्या कार्डावर लाऊंजमध्ये दोघांना फुकट बसता येते. उरलेल्या दोघांचे पैसे विचारले, तर एका माणसाच्या पैशात आमच्या घरचा आठवड्याचा किराणा आला असता. शेवटी आई आणि पत्नीला आत पाठवले. बापलेक बाहेर राहिलो.

तासाभरात आई बाहेर आली. पांढरे लुगडे सावरत शेजारी बसली आणि म्हणाली, "आत लई चांगलंय. गादीच्या खुर्च्या, खायला-प्यायला मांडलेलं. माझ्या हातानं पाणी घेतलं, कुणी काही इचारलं नाही. पण बाबा, नुसतं बसायला कामून पैसे लागतेत रे?"

या बोलण्यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही नीट समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट पाण्याची. 'माझ्या हातानं पाणी घेतलं' हे वाक्य दुसऱ्या कुणा प्रवाशाच्या तोंडी सहसा येणार नाही. माझ्या आजीला आडावर वरून ओतलेले पाणी ओंजळीत घ्यावे लागत होते. १९३४ साली खुद्द बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले, तेव्हा तिथल्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांना शिवीगाळ ऐकावी लागली. हे आपल्याच मराठवाड्यात घडले. त्या आजीची लेक आज परमुलखात भांड्यातले पाणी स्वतः ओतून पिते आणि कुणी तिची जात विचारत नाही. याचा आनंद आम्हाला झाला आणि तो लपवण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट बसण्याची. १९०१ साली बालवयातले भीमराव आपला भाऊ आणि भाच्यांसोबत साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कुणी आले नव्हते, कारण पत्र वडिलांना मिळालेच नव्हते. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशन मास्तरने आपणहून चौकशी केली. जात कळली आणि त्याचा चेहरा पालटला. गाडीवान दुप्पट भाडे घेऊनही त्यांच्याबरोबर गाडीत बसायला तयार नव्हता. गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने शेजारून चालायचे, असे ठरले. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे तो 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध झाला. आपल्या भागात निजामाची रेल्वे आली तीही १९०० च्याच सुमारास. रेल्वेने सर्वांना एकाच रुळावर आणले, पण फलाटावर कुणी कुठे आणि कसे थांबायचे हे व्यवस्थेने आपल्या हाती ठेवले.

हे केवळ भारतातच घडले असे नाही. अमेरिकेतला नामांकित कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन १९५९ साली दक्षिण कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल विमानतळावर थांबला असता त्याला गोऱ्यांच्या प्रतीक्षागृहातून उठायला सांगण्यात आले. विमानाचे तिकीट चालत होते, खुर्ची चालत नव्हती! १ जानेवारी १९६० रोजी तिथल्या कृष्णवर्णीय बांधवांनी त्या विमानतळावर मोर्चा नेला. १ जानेवारी म्हटले की आपल्याला भीमा कोरेगाव आठवते. तिकडे त्याच तारखेला माणसे बसण्याच्या हक्कासाठी चालत होती.

आता लाऊंजच्या दाराकडे वळू. मसूरच्या फलाटावर जात आडवी आली, ग्रीनव्हिलला रंग आडवा आला. लाऊंजच्या दारावर कार्ड विचारतात. या तिन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणणार नाही. जात बदलता येत नाही, कार्ड मिळवता येते. आमची लेक शिकली, उद्या तिच्याकडे चौघांना आत नेणारे कार्ड असेल. म्हणून लाऊंजमध्ये बसणाऱ्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. १९३९ साली न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने असा पहिला क्लब काढला, तेव्हा तो निमंत्रित बड्या लोकांपुरता होता. आज मानवतचा नोकरदार आपल्या आईला तिथे पाठवू शकतो, ही पुढे पडलेली पावलेच आहेत.

आक्षेप वेगळाच आहे. लाऊंजबाहेर त्या रात्री काय होते? तेलंगणातल्या निजामाबादकडचा एक कामगार आमच्या शेजारी फरशीवर आडवा झाला होता. नांदेडच्या पलीकडचाच तो, म्हणून बोलणे झाले. तीन वर्षांनी घरी चालला होता. बूट काढून उशाला घेतले होते. त्याच्यासारखी पुष्कळ माणसे भिंतीकडेला झोपली होती. खुर्च्या मोजक्या, त्यातही मध्ये लोखंडी दांडे, म्हणजे आडवे होता येऊ नये अशीच रचना. प्रवासाचे भाडे सर्वांनीच मोजलेले. त्या भाड्यात पाठ टेकण्याची जागा मात्र धरलेली नव्हती. साधी जागा जितकी गैरसोयीची ठेवावी, तितकी गादीची खुर्ची चांगल्या भावाने विकली जाते. लाऊंज वाईट नाही. सार्वजनिक जागा वाईट ठेवून लाऊंज विकणे वाईट आहे.

हीच रीत आता इकडेही येत आहे. हवाई चप्पल घालणाऱ्यालाही विमानात बसता यावे, असे सांगत उडान योजनेतली विमाने २७ एप्रिल २०१७ रोजी उडाली. त्या पहिल्याच दिवशीच्या मार्गांत आपल्या शेजारचा नांदेड–हैदराबाद मार्ग होता. चांगली गोष्ट झाली. पण विमान किंवा गाडी येईपर्यंत त्या चप्पलवाल्याने बसायचे कुठे? मोठ्या रेल्वे स्थानकांवर पैसे घेऊन बसवणारे एक्झिक्युटिव्ह लाऊंज निघाले आहेत. अमृत भारत योजनेत देशभरातल्या हजाराहून अधिक स्थानकांचे रूप पालटण्याचे काम काढले आहे. रूप पालटेल, कमानी उभ्या राहतील. पण रात्री दोनच्या गाडीसाठी लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला उजेड, पिण्याचे पाणी, दाराला कडी असलेले स्वच्छ शौचालय आणि पाठ टेकायला बाक मिळणार आहे का? तिचे तिकीट साध्या डब्याचे असले तरी मिळणार आहे का? आपल्या आमदार-खासदारांना विचारायचा प्रश्न हा आहे.

आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारायचा आहे. आपल्यातले जे शिकले, कमावते झाले, ते आता आतल्या बाजूला बसू लागले आहेत. कार्ड हाती आले की बाहेरच्या फलाटाची तक्रार करायची गरज उरत नाही. ज्याला अर्ज लिहिता येतो, ज्याचे ऐकले जाते, तोच आत गेला तर बाहेरच्यांसाठी बोलायचे कुणी? ६ डिसेंबरला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या तालुक्यातून किती माणसे कोणत्या गाडीने निघतात, त्यांना स्टेशनवर काय लागते, याची यादी करून महिनाभर आधी रेल्वेच्या नांदेड विभागाकडे लेखी मागणी करायला फार पैसे लागत नाहीत. चार शिकलेली माणसे लागतात.

आईला पुन्हा आत जा म्हणून सांगितले, ती गेली नाही. मग पत्नीही बाहेर आली. आईने पिशवीतला दशम्यांचा डबा काढला, एक त्या निजामाबादवाल्याला दिली आणि पुढचे सात तास आम्ही तिथेच काढले. विमानात चढताना तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्याचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते. मानवत रोडच्या फलाटावर ते आपल्या सर्वांना मिळून शोधावे लागेल.